चतुःसीमेकडून षट्सीमेकडे : मजल्यावरील मिळकतीचें चित्र व तिची नोंद

जुन्या खरेदीखतांचा, वाटणीपत्रांचा व सनदांचा संग्रह करणारांस 'चतुःसीमा' हा शब्द नवा नाहीं. पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, पश्चिमेस बोळ, उत्तरेस तमक्याचें परसूं, एवढें सांगितलें कीं जागा कळली, असा आपल्याकडील लेखकांचा शेंकडों वर्षांचा परिपाठ आहे. जमिनीपुरता हा परिपाठ पुरेसा होतो. परंतु जिच्या खालीं एकाची मिळकत व वर दुसऱ्याची मिळकत आहे, अशा जागेस चार सीमा पुरत नाहींत. तिला सहा सीमा लागतात. ही पांचवी व सहावी सीमा, म्हणजे अधःसीमा व ऊर्ध्वसीमा, कागदावर कशी काढावी, वाचणारास ती निःसंदेह कशी कळावी, व नोंदणीच्या दप्तरांत ती कोणत्या रूपानें राहावी, हा प्रश्न गेल्या पाव शतकांत अनेक देशांच्या भूमापन खात्यांपुढें आला आहे. त्याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. विषय नवा दिसला तरी त्याचे धागे आपल्याच ताम्रपटांत व कागदांत आहेत. आणि त्याचा निकाल लागण्यास आपल्या संग्रहांतील कागदांचीच गरज पडणार आहे. म्हणून या पत्राच्या वाचकांपुढें तो ठेवणें अस्थानीं होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

१. ताम्रपटांतील 'ऊर्ध्व' व 'अधः'

कनोज व काशी येथें राज्य करणाऱ्या गाहडवाल राजांच्या अकराव्या-बाराव्या शतकांतील ताम्रपटांत दान दिलेल्या गांवाचें वर्णन करितांना जल, स्थल, लोह व लवण यांच्या खाणी, मत्स्य, खांचखळगे, मोहाच्या व आंब्याच्या बागा, गायरान इत्यादि गोष्टी सांगून शेवटीं ऊर्ध्व, अधः व चतुराघाट या तिन्ही पदांचा समास येतो. आघाट म्हणजे सीमा. चतुराघाट ही आपली चतुःसीमाच होय. पण तिच्या आधीं ऊर्ध्व व अधः हे दोन शब्द मुद्दाम जोडले आहेत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. राजाच्या लेखकास चार दिशांबरोबर वरची व खालची दिशाहि सांगणें अवश्य वाटलें. म्हणजे सहा दिशांचा विचार आपल्या देशांतील दानलेखांत निदान आठशें वर्षें जुना आहे.

मराठी अमदानींतील इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप अशी जी मालिका येते, तिचाहि रोख हाच आहे. तरु व तृण हे भूमीच्या वर, पाषाण व निधि हे तिच्या पोटांत. इनामदारास जें मिळालें तें केवळ पृष्ठ नव्हे, तर त्या पृष्ठावर उभा असलेला व त्याच्या खालीं उतरलेला सबंध स्तंभ मिळाला, असा भाव त्यांत आहे. युरोपांतील मध्ययुगीन टीकाकारांनीं रोमन कायद्यावरून काढलेलें सूत्र याच अर्थाचें आहे : ज्याची भूमि त्याचेंच तिच्यावरील आकाश व तिच्याखालील पाताळ.

हा स्तंभ पुढें कायद्यानें दोन्ही टोंकांस छाटला गेला. भूमींतील निधीसंबंधानें १८७८ चा स्वतंत्र कायदा झाला. खनिजांवरील सरकारचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिनें स्पष्ट सांगितला. विमानें उडूं लागल्यावर आकाशाची मालकी कोणासच अमर्याद राहिली नाहीं. तथापि स्तंभ आंखूड झाला तरी एकाच धन्याचा राहिला, तर मोजणीची अडचण पडत नाहीं. अडचण पडते ती तो स्तंभ आडवा कापून त्याचे तुकडे निरनिराळ्या धन्यांस दिले म्हणजे.

२. शब्दानें केलेलें वर्णन

एकावर एक अशा हक्कांचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं केलाच नाहीं असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धर्मस्थीय अधिकरणांतील वास्तुप्रकरणांत शेजारच्या दोन घरांच्या वळचणींमध्यें चार अंगुळें अंतर ठेवावें, किंवा एक वळचण दुसरीवर चढवावी, असा नियम आहे. भिंतींमधील अंतर निराळें व वळचणींमधील अंतर निराळें सांगावें लागलें, याचा अर्थ हाच कीं जमिनीवरची सीमा व वरची सीमा नेहमीं एका ओळंब्यांत नसते, हें त्या काळीं ठाऊक होतें.

वाडा बांधला गेला व पुढच्या पिढींत भावांत वांटला गेला म्हणजे ही गोष्ट रोजच्या व्यवहारांत येते. वाटणीपत्राचा लेखक मग खणांचा आश्रय करितो. दोन खांबांमधील गाळा तो खण. सोपा इतक्या खणांचा, माडी इतक्या खणांची, तळघर अमक्या खणांखालचें, जिना व विहीर सामाईक, अशी भाषा येते. ही भाषा मोठी सोयीची. खांब मोजतां येतात, खण बोटानें दाखवितां येतो, आणि वाड्यांत राहणाऱ्या कोणासहि अर्थाचा संदेह राहत नाहीं.

पण तिची सर्व शक्ति उभ्या वाड्यावर अवलंबून आहे. 'माडीवरील पश्चिमेचे दोन खण' हे शब्द वाडा उभा असेपर्यंत सार्थ. वाडा पडला, खांब सरपणास गेले, कीं ते शब्द कशाकडे बोट दाखवितात? जमिनीचा धनी आपल्या जागेवर उभा राहूं शकतो; माडीच्या धन्यास उभें राहण्यास जागाच उरत नाहीं. त्याचा हक्क बुडाला असें नव्हे, पण तो हक्क कोठें आहे हें दाखविण्याचें साधन बुडालें. जुन्या पेठांतून वाडे उतरवून नव्या इमारती बांधण्याचें काम चाललें आहे, तेथें हा प्रश्न पंडितांच्या चर्चेचा नसून कोणाच्या तरी घराचा आहे.

दस्तनोंदणीचा १९०८ चा कायदा पाहिला तरी त्याची रचना पृष्ठावरचीच दिसते. शहरांतील घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, त्यांत पूर्वीं कोण राहत असे व हल्लीं कोण राहतो, त्याचा क्रमांक काय, हें लिहावें. इतर जमिनीचें क्षेत्र, लगतचे रस्ते व मिळकती सांगाव्या. आणि दस्तांत नकाशा असल्यास त्याची प्रत जोडावी, असें त्याचें एकविसावें कलम सांगतें. मिळकत ओळखूं यावी हा हेतु. पण ओळख पटविण्याचीं साधनें रस्ता, शेजार व क्षेत्र हींच.

३. नकाशावरील रेषा ही वस्तुतः काय आहे

आपले भूमापनाचे नकाशे सपाट कां, याचें कारण त्यांच्या जन्मांत आहे. १८३६ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं ज्या पद्धतीचा पाया घातला, तिचें प्रयोजन शेतसाऱ्याची आकारणी हें होतें. सारा जमिनीच्या प्रतीवर व क्षेत्रावर बसतो. उंचीवर बसत नाहीं. म्हणून उंची मोजण्याचें प्रयोजनच पडलें नाहीं. पुढें शहरांचें नगरभूमापन झालें, मिळकतपत्रिका आल्या, तरी मूळ सांचा भूखंडाचाच राहिला.

या सपाट नकाशावरील सीमारेषेचा खरा अर्थ मात्र सपाट नाहीं. लग्नांत वधूवरांमध्यें धरलेला अंतरपाट डोळ्यांपुढें आणावा. माथ्यावरून पाहणारास तो केवळ एक रेषा दिसेल. पण तो उभा पडदा आहे. तद्वत् नकाशावरील रेषा ही उभ्या पडद्याची खूण होय, आणि या पडद्यास वर कांठ नाहीं व खालींहि नाहीं. जमिनीच्या हक्कांची नोंद कशी रचावी याविषयींचें जें आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयएसओ १९१५२, इ. स. २०१२ मध्यें प्रसिद्ध झालें, त्यांत हाच भेद केला आहे : एक, रेषेनें दाखविलेली व वरखालीं उघडी असलेली उभी सीमा, दुसरी, सर्व बाजूंनीं माप दिलेलें सीमापृष्ठ. पहिलीवरून भूखंडाचा स्तंभ होतो; दुसरीवरून खोलीसारखी बंद पेटी होते. जुने भूखंड रेषांनीं तसेच राहूं द्यावेत, आणि जेथें हक्क एकावर एक आले असतील तेथेंच पृष्ठांची पेटी मांडावी, अशी ही सोय आहे. सबंध शहर पुन्हा मोजण्याची गरज त्यामुळें राहत नाहीं.

४. एका कल्पित वाड्याचें उदाहरण

हें समजण्यास एक कल्पित वाडा घेऊं. त्याची पूर्वेची बाजू रस्त्यावर आहे. ही बाजू दक्षिणोत्तर १२ मीटर व पूर्वपश्चिम ५ मीटर; तिच्या पश्चिमेस सामाईक चौक असून जिना चौकांतून चढतो. तीन भावांत वांटणी झाली. थोरल्यास तळमजला, मधल्यास त्यावरील माडी, धाकट्यास खालचें तळघर. माडीस रस्त्याच्या बाजूनें ०.९ मीटरचा सज्जा आहे, व तो खोलीतच घेतलेला आहे. तळघर मात्र चौकाखालीं २ मीटर पसरलें आहे. समुद्रसपाटीपासून तळघराची भुई ५५७.४ मीटर, तळमजल्याची ५६०.०, माडीची ५६३.२ व माडीचें तक्तपोशीचें अंग ५६६.२ मीटर उंचीवर आहे असें धरूं. तक्तपोशीची जाडी कोणाची, हा वाद टाळण्यासाठीं सीमा तिच्या मध्यावर मानूं.

आतां नगरभूमापनाच्या नकाशावर काय दिसेल? १२ मीटर लांब व ५ मीटर रुंद असा ६० चौरस मीटरांचा एक आयत, आणि त्यावर एक क्रमांक. तिघे भाऊ त्या एका आयतांत लोपले. प्रत्यक्षांत थोरल्याचें क्षेत्र ६०, मधल्याचें ७०.८ व धाकट्याचें ८४ चौरस मीटर आहे. घनमान काढलें तर अनुक्रमें १९२, २१२.४ व २१८.४ घनमीटर येतें. ज्याचें नकाशावर नांवहि नाहीं त्या धाकट्याचा घटक सर्वांत मोठा आहे.

थोरल्याच्या घटकास आठ कोपरे व सहा पृष्ठें. प्रत्येक कोपऱ्यास तीन आंकडे : पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती, उंची किती. प्रत्येक पृष्ठाच्या पलीकडे कोण आहे, हें लिहिलें कीं षट्सीमा झाली. थोरल्याच्या वरचें पृष्ठ हेंच माडीच्या तळाचा एक भाग होय. तें दोनदां मोजूं नये, एकदांच नोंदावें व दोघांच्या नांवें लावावें, म्हणजे मधल्या जागेंत फट राहत नाहीं व एकाचा घटक दुसऱ्यांत शिरत नाहीं. तळघराच्या वरच्या पृष्ठाचे दोन भाग करावे लागतात : १२ मीटर बाय ५ मीटरच्या भागावर थोरला, व १२ मीटर बाय २ मीटरच्या भागावर सामाईक चौक. चौकांत उद्यां कोणी हौद खणूं लागला, तर वाद कोठें उपस्थित होईल हें या एका विभागणीवरून आधींच कळतें. माडीच्या तळाचेहि दोन भाग : एकाखालीं थोरला, दुसऱ्याखालीं सार्वजनिक रस्ता. सज्जा रस्त्यावर असण्याचा हक्क आहे कीं तें अतिक्रमण आहे, हें चित्र सांगणार नाहीं. तें दस्त व कायदा सांगतील. चित्र फक्त प्रश्न कोठें आहे तें दाखवितें. हा विवेक सुटला कीं सुंदर चित्र हेंच प्रमाण मानलें जाण्याचा धोका असतो.

५. चित्रें तीन, आणि प्रत्येकाचें काम निराळें

असा घटक दाखविण्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिलें तलचित्र, म्हणजे प्रत्येक मजल्याचा निराळा नकाशा. यावरून लांबीरुंदी अचूक मोजतां येते, पण कोणत्या मजल्याचें काय कोणाच्या वर येतें हें वाचणारास मनांत जुळवावें लागतें. दुसरें छेदचित्र, म्हणजे इमारत उभी कापली असतां दिसणारें अंग. आमच्या उदाहरणांतील चौकाखालचें तळघर व रस्त्यावरचा सज्जा हे दोन्ही एका छेदांत डोळ्यांत भरतात. पण छेद ज्या ठिकाणीं घेतला तेथलेंच सत्य तो सांगतो, दोन हात उत्तरेस काय आहे तें सांगत नाहीं. तिसरें घनचित्र, म्हणजे तिरकस बाजूनें पाहिल्यासारखें सर्व घटकांचें एकत्र चित्र. त्यावरून परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपांत समजतो.

घनचित्रांतहि दोन रीति आहेत. डोळ्यास दिसतें तसें काढलें तर दूरच्या वस्तू लहान होतात. चित्र नैसर्गिक वाटतें, पण त्यावरून माप घेतां येत नाहीं. समांतर रेषा समांतरच ठेवून काढलें तर चित्र किंचित् कृत्रिम दिसतें, पण ठराविक दिशांस प्रमाण टिकतें. नोंदणीच्या कामीं दुसरी रीतच पत्करावी हें उघड आहे.

घनचित्राचा मोठा दोष म्हणजे पुढचा घटक मागच्यास झांकतो. त्यावर उपाय चार योजितात. घटक पारदर्शक करणें. मजले एकमेकांपासून वर उचलून सुटे दाखविणें. मधून कापून आंतील भाग उघडा करणें. आणि ज्याची नोंद आहे तो एकच घटक भरीव ठेवून बाकीच्यांच्या केवळ कडा काढणें. मजले सुटे केले तर आंतील सर्व दिसतें, पण खरी उंची बिघडते. म्हणून अशा चित्रावर उंचीचे आंकडे लिहिलेच पाहिजेत. सर्वच घटक पारदर्शक केले तर कडांवर कडा येऊन घोटाळा होतो, व कोणती कड पुढची आणि कोणती मागची हें कळेनासें होतें. एकच घटक भरीव ठेवण्याची रीत दस्तास सर्वांत योग्य दिसते. कारण दस्त एका घटकाविषयीं बोलतो व शेजाऱ्यांचा उल्लेख फक्त सीमेपुरता करितो. जुन्या खरेदीखताची रीत तीच आहे.

६. वाचणारा कोण?

चित्र चांगलें कीं वाईट हें काढणारानें नव्हे, वाचणारानें ठरवावयाचें असतें. जाक बेर्तीं या फ्रेंच पंडितानें १९६७ सालीं नकाशांतील खुणांचें जें शास्त्र मांडलें, त्यांत स्थान, आकारमान, छटेची गडदता, पोत, रंग, दिशा व आकृति अशीं सात साधनें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं प्रत्येक साधन कांहीं गोष्टी सांगण्यास समर्थ व कांहीं सांगण्यास असमर्थ असतें. रंगानें भेद कळतो, क्रम कळत नाहीं. गडदपणानें क्रम कळतो. म्हणून निरनिराळ्या धन्यांस निरनिराळे रंग द्यावे, पण हक्काची अधिकउणी प्रत रंगानें सांगूं नये.

कानडांतील क्वेबेक प्रांतीं स्थावराचे दस्त नोटरी करितात. तेथील लावाल विद्यापीठांतील झासिंत पुलियो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असे घननमुने नोटरींपुढें ठेवून, कोणत्या रंगानें व किती पारदर्शकतेनें त्यांना सीमा नीट वाचतां येतात याची परीक्षा केली. या प्रयोगाचें मर्म आम्हांस असें वाटतें कीं, चित्र ज्यास दस्त लिहावयाचा आहे त्याच्या उपयोगी पडलें पाहिजे, संगणकावर तें किती मोहक दिसतें याला महत्त्व नाहीं.

आणखी एक भेद येथें सांगितला पाहिजे. भिंत ही वस्तु आहे. सीमा ही वस्तु नाहीं, ती हक्काची मर्यादा आहे. इमारतीचें चित्र काढलें म्हणजे मिळकतीचें चित्र झालें असें पुष्कळांस वाटतें, तें बरोबर नाहीं. आमच्या उदाहरणांत सीमा तक्तपोशीच्या मध्यावर आहे. तेथें डोळ्यास कांहींच दिसत नाहीं. म्हणून भिंती एका प्रकारच्या रेषेनें व हक्काचीं पृष्ठें दुसऱ्या प्रकारच्या रेषेनें काढून, दोहोंचें अंतर आंकड्यानें लिहिणें अवश्य आहे.

७. परदेशांतील व आपल्याकडील रीति

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांताच्या १९९४ च्या लँड टायटल कायद्यांत नकाशांचे तीन प्रकार आहेत. एक नेहमींच्या भूखंडाचा. दुसऱ्यांत सीमा इमारतीच्या भुई, भिंती व छतांवरून ठरते. तिसऱ्यांत प्रत्येक सीमापृष्ठ अवकाशांत स्थान दिलेल्या बिंदूंनीं ठरतें. इमारत असो वा नसो. आपल्या खणांची भाषा या दुसऱ्या प्रकारांत मोडते. तिसरा प्रकार इमारत पडली तरी टिकतो, कारण त्याचा आधार खांब नसून उंचीची कायम खूण असते. उलट इमारत जरा खचली तर बिंदु व भिंत यांत फरक पडतो, ही त्याची बाजू लंगडी आहे. म्हणून दोहोंची सांगड घालणें श्रेयस्कर होय.

स्वीडनमध्यें १ जानेवारी २००४ पासून अशा त्रिमितीय मिळकती निर्माण करण्याची मुभा कायद्यानें मिळाली. हॉलंडांतील डेल्फ्ट येथें भुयारी रेल्वेस्थानक व त्यावर नगरपालिकेची कचेरी अशी एकत्र इमारत झाली. तेथील हक्क एकमेकांत इतके गुंतले होते कीं सपाट नकाशावर ते उकलेनात. अखेर २०१६ सालीं दस्ताबरोबर, वाचणारास संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहतां येईल असें घनचित्र नोंदलें गेलें. हॉलंडांतील ही या प्रकारची पहिली नोंद होय.

आपल्याकडे महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० अन्वये घोषणापत्राबरोबर प्रत्येक मजल्याचा नकाशा, त्यांतील घरांचे क्रमांक व मापें वास्तुविशारदाच्या दाखल्यासह नोंदावीं लागतात. हें तलचित्रापर्यंत येणें झालें. छेद व उंची यांची मागणी त्यांत मुख्य नाहीं. त्याच कायद्यांत, इमारत नष्ट झाली व ती पुन्हा बांधण्याचें ठराविक मुदतींत ठरलें नाहीं, तर मिळकत सर्व मालकांची सामाईक समजावी, असें आहे. म्हणजे इमारतीबरोबर घटकाची पेटी विरघळते व उरतो तो हिस्सा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें चटईक्षेत्राची व्याख्या निश्चित केली, पण तेंहि क्षेत्रच. २०२० मध्यें सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोनच्या साह्यानें गांवठाणांचें मोजमाप होऊं लागलें; आकाशांतून टिपलेलें चित्र छपराची कड दाखवितें, छपराखालीं किती धनी आहेत हें दाखवीत नाहीं.

जमिनीखालचा प्रश्नहि पुण्यास नवा नाहीं. पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी बांधीव भुयारी नळानें शहरांत आणलें. त्यास जागोजागीं उच्छ्वास ठेवले. नळ एकाचा, वरची जमीन दुसऱ्याची, आणि उच्छ्वासाचें तोंड मात्र जमिनीवर, असा हा गुंता आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली. ती कसबा व मंडईच्या भागाखालून जाते. एकाच पेठेच्या पोटांत दोन काळांचीं भुयारें व पृष्ठावर वाडे, ही स्थिति सपाट नकाशानें कशी दाखवावी?

८. संग्राहकांनीं काय करावें

वर सांगितलेल्या सर्व पद्धतींस एक गोष्ट आधीं लागते : कोणाचें काय होतें याचा पुरावा. उभ्या इमारतीचें मोजमाप यंत्र करील. हक्क कोणत्या खणापर्यंत होता हें कागदच सांगेल. यासाठीं या पत्राच्या वाचकांस आमची चार प्रकारची विनंती आहे.

पहिली, घरांच्या वाटणीपत्रांतील व खरेदीखतांतील खणवार तपशील छापतांना गाळूं नये. राजकारणाच्या दृष्टीनें तो नीरस असेल. पण माडीच्या धन्याचा तोच एक साक्षी आहे. दुसरी, दस्तास जोडलेला नकाशा किंवा हातचा आराखडा मूळ दस्तापासून वेगळा करूं नये. नकाशांच्या संग्रहांत तो शोभून दिसतो हें खरें, परंतु दस्तावांचून तो मुका होतो. तिसरी, ज्या वाड्याचे कागद आपल्यापाशीं आहेत तो अद्यापि उभा असेल, तर तो उतरविण्यापूर्वीं कागद हातीं घेऊन खण मोजावे. एक तलचित्र, एक छेद, प्रत्येक भुईची जोत्यापासून उंची, आणि जोत्याची जवळच्या कायम खुणेपासून उंची, एवढें टिपावें. एका दिवसाचें काम आहे, व दोरी, ओळंबा आणि पाणसळ एवढ्या साहित्यावर होण्याजोगें आहे. चौथी, जुन्या मापाचें आधुनिक मापांत रूपांतर करितांना मूळ शब्द शेजारीं कायम ठेवावा. खण सर्वत्र सारख्या लांबीचा नसतो; प्रत्येक वाड्याचा खण त्या वाड्यांतच मोजला पाहिजे.

एवढें झालें तर पुढें ज्यास घनचित्र काढावयाचें त्यास आधार मिळेल, आणि न्यायासनापुढें उभ्या राहणाऱ्या माडीच्या धन्यास आपला हक्क बोटानें नाहीं तरी आंकड्यानें दाखवितां येईल. वाडा एकदां उतरला कीं ही संधि पुन्हा येत नाहीं. कागदांतील खण व जागेवरील खण यांची गांठ घालून देण्याचा काळ तो उभा आहे तोंवरच आहे.